आवाज लॅपटॉपमध्ये आहे, मग पॅडच्या पोटातल्या आवाजांना पैसे कशाला?

पत्र

नमस्कार भाऊ,

मी नागपुरात मनीषनगरला राहते, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. लहानपणापासून तबला शिकले, आता कॉलनीच्या भजनी मंडळात तबला आणि ढोलकी वाजवते. मुलगी दीड वर्षाची आहे. ती झोपली की मला वेळ मिळतो, म्हणजे रात्री साडेदहानंतर, आणि त्या वेळी फ्लॅटमध्ये तबला काढायची सोय नाही. खालच्या काकूंनी एकदा निरोप पाठवून झाला आहे. म्हणून लॅपटॉपला जोडून वाजवता येईल आणि रेकॉर्डही करता येईल असा छोटा इलेक्ट्रॉनिक पॅड घ्यायचा आहे. माहेर वर्ध्याचं, येणं-जाणं रेल्वेनं, त्यामुळे बॅगेत मावायला हवा. बजेट १५,००० रुपये. भाचा म्हणतो, गुंडाळून ठेवायचा रबरी ड्रम किट दोन-अडीच हजारांत मिळतो, तो घे. ओळखीचे एक ऑर्केस्ट्रावाले त्यांचा जुना, काठीने वाजवायचा ऑक्टोपॅड, रोलँडचा एसपीडी-२०, विकताहेत. ते म्हणतात, "घेऊन घ्या ना ताई, एकदम मस्त चालून राहिला." त्यांच्या कार्यक्रमात अधूनमधून साथीला बसायचंही विचारलंय. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा. काय घेऊ? आणि खालच्या काकूंना ऐकू जाणार नाही ना?

– तबलेवाली, मनीषनगर

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागून. गुंडाळीचा किट नको, काठीने वाजवायचा पॅड नको, आणि जुना एसपीडी-२० तर तुमच्या कामासाठी नकोच. बोटांनी वाजवायचा, चार आडव्या ओळी आणि चार उभ्या रांगांत १६ चौकोन असलेला, यूएसबीवर चालणारा पॅड घ्या. या वर्गात अकाईचा एमपीडी२१८ मला तुमच्यासाठी सगळ्यांत योग्य वाटतो. तो तुमच्या बजेटात बसायला हरकत नाही आणि वर थोडे पैसेही उरतील. ते उरलेले पैसे कुठे घालायचे हा प्रश्न पॅडच्या निवडीइतकाच मोठा आहे.

आता कारणं. लॅपटॉपला जोडलेला पॅड आवाज पाठवत नाही, निरोप पाठवतो. कोणता चौकोन वाजला आणि किती जोराने, एवढंच त्या निरोपात असतं. जोर ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. या निरोपाची भाषा म्हणजे मिडी. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती १९८३ साली बाजारात आली आणि आजही सगळं जग तीच वापरतं. ताकद सगळी लॅपटॉपमधल्या आवाजांत असते. तबल्याचे चांगले नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले एकेक बोल, भरलेत तर साध्या पॅडमधूनही तबला वाजेल. नमुने भिकार असतील तर लाखाच्या पॅडमधूनही पत्र्याचा डबाच ऐकू येईल.

म्हणूनच ज्या पॅडची किंमत त्याच्या आतल्या शेकडो आवाजांमुळे चढलेली असते, तो तुमच्यासाठी महागात पडतो. तुम्ही ते आवाज कधी वापरणारच नाही. गंमत अशी की १९८५ साली रोलँडने पहिला ऑक्टोपॅड काढला, पॅड-८ नावाचा, तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. आठ रबरी चौकोन आणि मागे मिडीची खोबण. आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना 'ऑक्टोपॅड' म्हटलं की आवाजांनी गच्च भरलेलं यंत्र आठवतं ते नंतरच्या मॉडेलांमुळे. तुम्हाला हवी ती वस्तू जातकुळीने त्या पहिल्या ऑक्टोपॅडचीच आहे. फक्त काठीऐवजी बोटांसाठी.

बोटं की काठी, हा खरा फाटा. दुकानदार सहसा हा प्रश्न विचारतच नाही, कारण त्याच्याकडे येणारे बहुतेक जण ड्रम किटच्या ओढीने आलेले असतात. काठीने वाजवायच्या बऱ्याच पॅडांत पिझोचा सेन्सर असतो. त्याला दणका लागला की विजेचा छोटा झटका तयार होतो आणि त्या झटक्यावरून यंत्र जोर ओळखतं. काठीसाठी हे उत्तम. पण तर्जनीने हलकेच वाजवलेला 'ति' त्याच्यापर्यंत पोचतच नाही, किंवा तीनदा वाजवावं तेव्हा एकदा पोचतो. बोटांच्या पॅडमध्ये बहुधा दाबानुसार विजेला होणारा विरोध बदलणारा सेन्सर असतो. बोट टेकलं, दाबलं, दाबून धरलं, सोडलं, हे सगळं त्याला कळतं. तबलेवाल्याचा हात या दुसऱ्या प्रकारात जास्त रमतो. (उलट बाजूही लक्षात असू द्या. बोटांच्या पॅडवर काठी घेऊन बसायचं नाही. भाच्याला हे आधीच बजावून ठेवा.)

चार बाय चारची ही मांडणी अकाईच्या एमपीसी६० या यंत्रातून रुळली. ते १९८८ मध्ये आलं आणि रॉजर लिन यांनी त्याच्या रचनेत मोठा वाटा उचलला होता. तेव्हापासून हिप-हॉपवाल्यांनी ती बोटांत भिनवली, आणि आज ठोके वाजवायची बरीच सॉफ्टवेअरं हे १६ चौकोन डोळ्यांसमोर धरूनच बनवलेली असतात. आपल्याला त्याचा फायदा असा की मांडणीसाठी झगडावं लागत नाही. एमपीडी२१८ मध्ये १६ चौकोनांचे तीन संच आहेत, म्हणजे बटण दाबून ४८ जागा मिळतात. शिवाय सहा घुंड्या. वीज यूएसबीतूनच घेतो, वेगळा ॲडॅप्टर लागत नाही. म्हणजे लाईन गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत रियाज चालू. वजन किलोच्या आत, वर्ध्याच्या गाडीत लॅपटॉपच्याच बॅगेत जातो.

यापेक्षा लहान हवा असेल तर अकाईचाच एलपीडी८ आहे, आठ चौकोनांचा. ढोलकीपुरता तो चालून जाईल, पण तबल्याचे बोल मांडायला आठ जागा फार लवकर संपतात. कोर्गचा नॅनोपॅड२ सोळा चौकोनांचा आणि बारीक आहे, दिसायलाही देखणा. पण त्याचे चौकोन मला बोटांखाली कडक आणि चपटे वाटतात. बीट बनवणाऱ्यांना ते चालतं, 'तिरकिट' काढणाऱ्याला जड जातं. एक पर्याय मात्र विचारात घेण्यासारखा आहे: अकाई एमपीके मिनी. त्यात आठ पॅड आणि २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड असतो. तुम्ही स्वतःच लेहरा (तबल्याखाली फिरत राहणारी धून) वाजवून, तो रेकॉर्ड करून त्यावर तबल्याचा कायदा वाजवणार असाल तर हा घ्यायला हवा असं वाटू शकतं. माझं मत विचाराल तर लेहऱ्यासाठी मोबाइलवर ॲप पुरे, पॅड मोठाच घ्या.

तळहातानेच वाजवायचा हट्ट असेल, म्हणजे डग्ग्यावर मनगट ठेवल्याची सवय सुटत नसेल, तर रोलँडचा हँडसॉनिक हे खरं हातवाद्य आहे. कॉंगावाले, तबलेवाले दोघंही तो मांडीजवळ घेऊन वाजवतात. पण तो तुमच्या बजेटच्या फार पुढचा आहे आणि त्याच्याही किमतीत पोटातल्या आवाजांचा वाटा मोठा. आज त्याचा विचार सोडा.

आता भाच्याचा गुंडाळी किट. पोरांच्या वाढदिवसाला भेट द्यायला ठीक आहे. त्यातल्या बहुतेकांत आत साधी बटणं असतात: दाबलं की वाजलं, जोर कितीही असो आवाज तेवढाच. तबल्यात 'धा' आणि दबका 'धा' यांत फरक राहिला नाही तर उरलं काय? काहींवर यूएसबीची खोबण असते आणि जाहिरातीत मिडीही लिहिलेलं असतं, पण जोराचा आकडा एकच जात असेल तर त्या मिडीचा उपयोग नाही.

जुन्या एसपीडी-२० बद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तो तुम्हाला ओळखीतून येतोय आणि नाही म्हणणं अवघड जाणार आहे. यंत्र वाईट मुळीच नाही. नागपूरच्या ऑर्केस्ट्रांपासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांपर्यंत ऑक्टोपॅडशिवाय पान हलत नाही. पण हे मॉडेल १९९० च्या दशकातलं आहे. त्याला यूएसबी नाही, गोल पाच पिनांची मिडी आहे, म्हणजे मध्ये मिडीतून यूएसबीत नेणारी वेगळी केबल घ्यावी लागेल. अगदी स्वस्त केबली घाईच्या वाजवण्यात निरोप गाळतात. त्यात आपले स्वतःचे नमुने भरता येत नाहीत. आणि इतकी वर्षं मंडपांतून, टेम्पोतून फिरलेल्या यंत्राचा एखादा पॅड बहिरा झालेला असतोच. 'मस्त चालून राहिला' हे त्यांच्या दृष्टीने खरं असेल. त्यांना दोन काठ्यांनी लावणी उठवायची असते. तुम्हाला रात्री बोटांनी पेशकार वाजवायचाय. त्यांना सांगा, घरी ठेवायला जागा नाही. जागा कुणाच्याच घरी नसते, कुणी वाईट वाटून घेत नाही.

त्यांच्याबरोबर कार्यक्रमाला बसायचं असेल तर जरूर बसा, पण त्यांच्याच ऑक्टोपॅडवर. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम असोत की धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासचे, उघड्या मंडपात, भीमगीतांच्या जोशात लॅपटॉप उघडून बसणं जोखमीचं आहे. धूळ, जनरेटरची वर-खाली होणारी वीज, आणि ऐन अंतऱ्यात विंडोजला अपडेट सुचणं. उद्या महिन्याला चार-पाच कार्यक्रम मिळायला लागले तर रोलँडचा एसपीडी-३० किंवा एसपीडी-एसएक्स यांसारखं यंत्र घ्या. त्यांना यूएसबी आहे, म्हणजे घरी लॅपटॉपलाही जोडता येईल. अलेसिसचा सॅम्पलपॅड प्रो आठ पॅडांचा आणि तुलनेने स्वस्त आहे. पण हा खर्च कार्यक्रमांच्या बिदागीतून निघायला हवा, आजच्या १५,००० मधून नाही.

पॅड झाला. आता सगळ्यांत जास्त लोक जिथे हताश होऊन पॅड कपाटावर टाकतात ती गोष्ट: उशीर. चौकोनावर बोट पडलं आणि आवाज मागाहून आला तर वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. दोष पॅडला दिला जातो, चूक असते लॅपटॉपच्या सेटिंगची. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, थोडा साठवून मग सोडतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. लॅपटॉप एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० बारीक तुकडे करतो, त्या हिशेबाने २५६ तुकड्यांचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, १२८ चा सुमारे ३, आणि १,०२४ चा सुमारे २३. यात पॅडचा आणि लॅपटॉपच्या पुढच्या यंत्रणेचा थोडा वेळ मिळवायचा. एकूण १० मिलिसेकंदांच्या आसपास राहिलं तर त्रास होत नाही. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा १० मिलिसेकंद म्हणजे कुणी साडेतीन मीटरवर बसून तबला वाजवतंय आणि तुम्ही ऐकताय, एवढंच.

विंडोजची स्वतःची आवाजाची वाट मात्र अशा कामाला संथ असते. त्यावर उपाय आसिओ. हा ड्रायव्हरचा प्रकार स्टाइनबर्ग कंपनीने १९९० च्या दशकात आणला. तुमच्या लॅपटॉपच्या आवाजाच्या चिपसाठी आसिओ४ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका, सॉफ्टवेअरमध्ये तो निवडा, बफर २५६ ठेवून सुरुवात करा. खरखर आली नाही तर १२८ वर या. खरखर आली तर वाय-फाय बंद करून बघा. खूपदा चोर तिथेच असतो. आणि लॅपटॉपची वीज बचत काढून टाका.

ब्लूटूथ हेडफोन वापरायचाच नाही. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. साध्या ब्लूटूथमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, चौगुणीत (मात्रेला चार बोल) एकेक बोल १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे तुम्ही दुसरा बोल वाजवलात तरी पहिला अजून कानात आलेला नाही. वायरचा हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा. तुमच्या उरलेल्या पैशांतले पहिले पैसे इथे जाऊ द्या. त्यानंतरही शिल्लक असेल तर छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा, घ्यायचा. त्याच्याबरोबर बहुधा कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर येतो, आणि पुढे माइक लावून खरा तबला रेकॉर्ड करायलाही तोच उपयोगी पडतो. पण तो आजच हवा असं नाही.

सॉफ्टवेअरवर एक पैसा घालू नका. अकाईचं एमपीसी बीट्स फुकट आहे आणि १६ चौकोनांच्या पॅडसाठीच बनवलेलं आहे. मोकळेपणा हवा असेल तर रीपर: ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, पुढे वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा. ८ जीबी रॅम याला पुरेशी आहे. परदेशी ड्रम किटची कित्येक जीबींची भांडारं उतरवून घेतलीत तर ती कमी पडेल, पण तुम्हाला ती लागणारच नाहीत. ऑडॅसिटी मात्र डोक्यातून काढा. चांगलं आहे, पण मिडी रेकॉर्ड करणं त्याचं काम नाही. नमुने कापायला ठेवा.

आणि नमुने तुमच्याच तबल्याचे घ्या, ताई. मला या सगळ्या खटाटोपात यातच खरी मौज दिसते. बाजारात तयार नमुने मिळतात, पण ते दुसऱ्याच्या हाताचे असतात आणि बहुतेक वेळा नुसते ठळक 'धा', 'धिं', 'ना'. तुमच्या घरात जोडी आहे, हात आहे. एखाद्या रविवारी मुलीला आजीकडे सोडा, पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या लावा, गादी भिंतीला उभी करा आणि प्रत्येक बोल वेगळा वाजवून रेकॉर्ड करा. मोबाइलवरही सुरुवात होते. हे काम उन्हाळ्याच्या आत उरका. एकदा कूलर सुरू झाला की आपल्या गावात जूनपर्यंत शांतता नावाची चीज मिळत नाही, आणि मे महिन्यात दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसणं कुणाच्या बापाला जमणार नाही. पावसाळ्यात तबल्याच्या पुड्या (वरचं कातडं) ओल धरतात, सूर उतरतो, मग प्रत्येक नमुना वेगळ्या सुरात येईल. डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरा. तबला एका सुरात लावून घ्या आणि सगळे बोल एकाच बैठकीत संपवा.

प्रत्येक बोल तीन-चार जोरांत घ्यायचा: दबका, मध्यम, खणखणीत. सॉफ्टवेअरमध्ये ते एकाच चौकोनावर थर लावून बसवता येतात. पॅडवरून ३० चा आकडा आला तर दबका वाजतो, ११० चा आला तर खणखणीत. 'ति' आणि 'ट' यांसाठी वेगवेगळे नमुने घ्या, दोन्हीकडे एकच लावलात तर 'तिटतिट' शिलाई मशीनसारखं ऐकू येतं. 'धा' वेगळा रेकॉर्ड करू नका. 'गे' आणि 'ना' दोन चौकोनांवर दोन हातांनी एकदम वाजवा, तोच 'धा' झाला. 'धिं'ही 'गे' आणि 'तिं' मिळून होतो. हात तेच करतात जे खऱ्या जोडीवर करतात, आणि दोघांच्या जोराचं प्रमाण प्रत्येक वेळी थोडं बदलत राहिल्यामुळे वाजवणं जिवंत वाटतं.

मांडणी मी अशी ठेवली असती: डावीकडच्या दोन रांगा डग्ग्याच्या, उजवीकडच्या दोन तबल्याच्या. डावीकडे बोटं पडतात तिथे मोकळा 'गे', त्याच्या शेजारी बंद 'के', वर घिस्सा (डग्ग्यावर मनगट घासून काढलेला आवाज). उजवीकडे चाटेचा (कडेचा) 'ना', लवेचा (कडेच्या आतल्या पट्टीचा) 'तिं', शाईवरचे (मधल्या काळ्या भागावरचे) 'तूं', 'ति', 'ट'. मग एक सेटिंग न विसरता करायचं: 'गे' आणि 'के' यांना एकाच म्यूट गटात टाकायचं. मोकळा 'गे' घुमत असताना 'के' वाजवला की घुमणं तिथल्या तिथे थांबलं पाहिजे, जसं खऱ्या डग्ग्यावर तळवा पडल्यावर थांबतं. ड्रमवाल्यांच्या हाय-हॅटसाठी ही सोय असते, आपल्याला ती आयती मिळते. 'तूं' आणि 'ति' यांनाही तेच. एवढ्या एका गोष्टीने निम्मा खोटेपणा जातो.

उरलेला निम्मा डग्ग्याच्या मींडेत आहे. मनगट दाबत 'गे' वर नेणं पॅडवर तसं जमत नाही. चौकोन दाबून धरल्यावर दाबानुसार सूर चढवण्याची सोय लावता येते, पण ती ऐकायला रबरी लागते. त्यापेक्षा चढता घिस्सा आणि उतरता घिस्सा वेगळे रेकॉर्ड करून दोन चौकोनांवर ठेवा. मर्यादा आहे, ती मान्य करून रियाज करायचा. बोटांची तयारी, लयकारी, तिहायांचे हिशेब यासाठी पॅड उत्तम. डग्ग्याचा हात मात्र दिवसा, खऱ्या डग्ग्यावरच.

पॅड विकत घेताना लॅपटॉप घेऊन बर्डीवरच्या एखाद्या वाद्यांच्या दुकानात जा. ऑनलाइन घेत असाल तर परत करायच्या मुदतीच्या आत हे सगळं घरी करा. सगळे १६ चौकोन मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर हलके वाजवून बघा, कोपरे मुके असतात का ते कळतं. एका चौकोनावर जोरात वाजवलं की शेजारचा आपोआप वाजत नाही ना, एका ठोक्याचे दोन ठोके जात नाहीत ना, ते स्क्रीनवर बघा. रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक ठोक्याचा जोर रीपरमध्ये आकड्यात दिसतो. हळू ते जोरात असा चढता क्रम वाजवा, आकडेही चढत गेले पाहिजेत. सगळे आकडे १२७ च येत असतील तर घाबरू नका, 'फुल लेव्हल'चं बटण चुकून दाबलेलं असेल. नव्या पॅडच्या तक्रारींत ही कायमची. आणि लॅपटॉपला पॅड दिसतच नसेल तर केबल बदलून बघा, आपल्या घरातल्या अर्ध्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

पावडर. तबल्याला बसण्याआधी हाताला पावडर लावायची सवय असेल तर पॅडपुरती ती मोडा. चौकोनांच्या फटींतून पावडर आत जाते आणि सेन्सरवर बसते. डोक्याला तेल लावून तेच हातही नकोत, रबर चिकट होतं. आणि मे महिन्यात पॅड बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवून कुठेही जायचं नाही.

राहिल्या खालच्या काकू. हेडफोनमुळे तबला त्यांना ऐकू जाणार नाही, पण रबरावर पडणाऱ्या बोटांची टपटप टेबलातून पायांत आणि पायांतून स्लॅबमध्ये उतरते. रात्री अकराला ती बरोबर त्यांच्या छतातून येते. म्हणून टेबलावर ठेवून वाजवू नका. खाली बसा, सतरंजीची चौपदरी घडी घाला, तिच्यावर जाड फोमचा तुकडा आणि त्यावर पॅड. काठीचा पॅड नको म्हणालो त्याचं हेही एक कारण होतं. त्याचा दणका एवढ्याने जिरला नसता. पहिल्या रात्री घरातल्या कुणाला तरी खाली पाठवून, काकूंच्या परवानगीने, त्यांच्याच हॉलमध्ये पाच मिनिटं उभं राहायला सांगा आणि तुम्ही वर द्रुत तीनताल वाजवा. काही ऐकू आलं तर फोमचा आणखी एक थर घाला.